घरच्या लग्नाचे फोटो: हौस आणि अमानत



लग्नाची तारीख ठरली, की जमातीला निरोप, मांडववाला, आचारी यांच्या पाठोपाठ एक प्रश्न निघतो: फोटो कोण काढणार? जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथे स्टुडिओवाले आहेत. पुरुषांकडे त्यांना बोलावण्यात कुणाची हरकत नसते. पण बायकांच्या मांडवात परका माणूस कॅमेरा घेऊन फिरणार म्हटलं, की घरात दोन मतं होतात. शेवटी कुणीतरी तोडगा काढतं, "आपली धाकटी काढेल की! तिचा मोबाइल चांगला आहे." आणि फोटोची हौस असलेल्या त्या मुलीच्या अंगावर अर्धं लग्न येऊन पडतं. या महिन्याचं सदर तिच्यासाठी, आणि मर्दान्यात कॅमेरा धरणाऱ्या तिच्या भावासाठीही.

हा तोडगा आजचा नाही. निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. पडदानशीन बायकांचे फोटो तिथे मिसेस केनी-लेविक नावाची एक बाई काढायची. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही लोकांनी पडदा सांभाळून फोटोची सोय केली होती. कॅमेऱ्यामागे कोण आहे आणि तो फोटो पुढे कुठे जाणार, हे दोन प्रश्न सुटले की बराचसा पेच सुटतो.

आधी विचारा

फोटोबाबत उलमांची मतं वेगवेगळी आहेत आणि घरोघरचे रिवाजही. म्हणून लग्नाच्या चार दिवस आधी दोन्हीकडच्या थोरांना भेटा. तीन गोष्टी विचारा: बायकांकडे फोटो चालतील का, कुणाला आपला फोटो अजिबात नको आहे, आणि फोटो कुणाकुणाला द्यायचे. ज्या खालाने "बेटा, माझा नको" म्हटलं, तिला लग्नाच्या गर्दीत पुन्हा आग्रह करू नका. तिच्या पाठीमागून गुपचूप काढायचा तर प्रश्नच नाही. घरची मुलगी म्हणून तुम्हाला कुणी अडवणार नाही, आणि म्हणूनच स्वतःला आवरणं तुमच्याकडे येतं.

उजेडाचं गणित

आपल्याकडची बरीच लग्नं उन्हाळ्यात, दुपारची. मांडवाचं कापड लाल असो की हिरवं, वरून ऊन पडलं की तोच रंग खालच्या सगळ्या चेहऱ्यांवर उतरतो. नवरीचे निवांत फोटो मांडवाच्या मधोमध काढू नका. तिला घरात खिडकीजवळ किंवा उंबऱ्याच्या आत बसवा, म्हणजे एका बाजूने पांढरा, मऊ उजेड चेहऱ्यावर येईल. खोलीतली ट्यूब तेवढा वेळ बंद करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की कातडीचा रंग बिघडतो.

दुसरी अडचण कपड्यांची. कॅमेऱ्याला पांढरं आणि काळं यातला फरक कळत नाही, तो समोरचं सगळं मधल्या राखाडी उजेडावर आणू पाहतो. पांढरे कुर्ते आणि टोप्यांची रांग समोर आली, की तो फोटो काळवंडून टाकतो. काळ्या बुरख्यांचा घोळका आला, की नको इतका उजळ करतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. म्हणून पांढऱ्या गर्दीत एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा, काळ्या गर्दीत तितकंच कमी करा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवा. नवरदेवाच्या सेहऱ्याचंही तेच. उजेड फुलांवर नाही, चेहऱ्यावर मोजा.

कॅमेरा असेल तर ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स पुरते. माणसं हलत असताना शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका. उजेड कमी पडला तर आयएसओ १६०० किंवा ३२०० करा. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो मात्र नंतर सुधारत नाही. फ्लॅश थेट तोंडावर न मारता पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारा. मोबाइल असेल तर आधी लेन्स पुसा, हातांना मेहंदी-तेल लागलेलं असतं. झूम न करता दोन पावलं पुढे जा.

निकाहच्या वेळी

इथे आपलं लग्न इतर लग्नांपेक्षा वेगळं पडतं. नवरदेव मशिदीत किंवा मर्दान्यात, नवरी आतल्या खोलीत. वकील आणि दोन गवाह आधी तिची रजामंदी घ्यायला जातात, मग काझीसाहेब खुतबा पढून नवरदेवाकडून कबुली घेतात. या दोन गोष्टी दोन ठिकाणी होतात. एकट्याने धावपळ केली तर दोन्हींपैकी एक हातचं जातं. म्हणून आत बहीण आणि बाहेर भाऊ अशी वाटणी करा, आणि दोघांच्या उपकरणांतली घड्याळं आदल्या दिवशी जुळवा. नंतर फोटो क्रमाने लावताना हे फार उपयोगी पडतं.

आत वकील आले, की फ्लॅश बंद, शटरचा आवाज बंद, एका कोपऱ्यात बसून राहायचं. त्या मिनिटाला मुलगी आयुष्याचा निर्णय बोलून दाखवते. तिथे लोकांनी कॅमेऱ्यासाठी सरकणं, तिला "जरा वर बघ" म्हणणं शोभत नाही. फोटो चुकला म्हणून "पुन्हा एकदा विचारा", "पुन्हा एकदा कबूल म्हणा" असं तर कधीच सांगू नका. तिची हो ही शरियतची अट आहे, ती नाटकातली वाक्यं नाहीत. निकाहनाम्यावर सही करणारा हात, शेजारी अम्मीचा हात, एवढं मिळालं तरी पुष्कळ. बऱ्याचदा चेहऱ्याच्या फोटोपेक्षा तोच फोटो घरात जास्त जपला जातो, आणि पडदाही राहतो.

बाहेर दुआसाठी उठलेले हात थोडं बाजूने घ्या. खारका वाटताना किंवा उधळताना शटर १/५०० वर नेऊन चार-पाच फोटो सलग काढा. दोन्हीकडच्या थोरांचा एक नीट, सरळ फोटो विसरू नका. दहा वर्षांनी तोच शोधला जातो. नवरा-नवरीचा एक साधा, स्पष्ट फोटोही घ्या. विवाहनोंदणीच्या वेळी सहसा तो मागतात.

जोडीचे फोटो बाहेर काढायचे असतील तर असर ते मगरिब ही वेळ सगळ्यात चांगली. पण जागेचा अदब ठेवा. शिवनेरी हे शिवजन्मस्थान आहे आणि किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. स्टँड, लाइट न्यायचे तर परवानगी लागते. हापूसबागेतला सौदागर घुमट देखणा आहे, पण आत कबरी आहेत, तिथे पोज देऊ नका. डिंभे धरणाच्या काठावर पाण्यापासून लांब उभे राहा. आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांचा वावर आहे हे कुणाला सांगायला नको. दागिने घातलेल्या नवरीला आणि लहान मुलांना घेऊन शेताच्या कडेला अंधार पडेपर्यंत थांबू नका.

लग्नानंतरचं काम

त्याच रात्री सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवा, तोवर कार्ड पुसू नका. नंतर निवड करताना पहिला अधिकार नवरीचा. तिने पाहिल्याशिवाय बायकांकडचा एकही फोटो कुणाला जाऊ नये, तुमच्या स्टेटसवर तर नाहीच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शंभर माणसं असतात, त्यांतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर आणखी शंभर. एकदा गेलेला फोटो परत मागता येत नाही. शिवाय तिथे फोटोचा दर्जाही घसरतो. त्यापेक्षा पुरुषांकडचे आणि बायकांकडचे फोटो वेगळे करा, बायकांकडचे पेनड्राइव्हमध्ये घालून नवरीच्या हातात द्या, आणि निवडक चाळीस-पन्नास फोटो कागदावर छापून अल्बम करा. छपाईला बाहेर द्यायचे फोटोही तिलाच विचारून निवडा.

कायद्याचा एक मुद्दा माहीत असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी वेगळा करार नसेल तर काढून घेणाऱ्याची असते. तुम्ही घरच्या लग्नात फुकट काढले, तर मालकी तुमची. पण कागदावरची मालकी आणि अमानत या वेगळ्या गोष्टी आहेत. नवरीच्या मैत्रिणी तुमच्यासमोर मोकळेपणाने हसल्या, नानीने डोक्यावरचा पदर सरकला तरी तुम्हाला हटकलं नाही, ते तुमच्या भरवशावर. तो भरवसा फोटो काढून झाल्यावरही चालूच राहतो.

या हंगामात ज्यांच्या घरी निकाह आहेत, त्यांच्या मुलामुलींच्या संसारात अल्लाह बरकत देवो. आमीन.