१३ अँपिअर, आठ तास

विजेची गाडी घेणारे लोक रेंज विचारतात, बॅटरीची वॉरंटी विचारतात, सबसिडी विचारतात. आपल्या पार्किंगमधल्या सॉकेटबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. गाडी तर रोज रात्री त्यालाच जोडलेली राहणार असते.

गाडीबरोबर मिळणारी सुटी केबल घरातल्या १६ अँपिअरच्या, बोलण्यात ज्याला आपण ‘पंधराचा’ म्हणतो त्या सॉकेटमध्ये लागते. २३० व्होल्टला साधारण १३ अँपिअर, म्हणजे तीन किलोवॉट. ‘एवढं तर गिझरही घेतो,’ असं वायरमनसुद्धा सांगतात. आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गिझर पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवतो आणि थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. गाडी तोच प्रवाह आठ-आठ तास ओढते, मध्ये क्षणाचीही उसंत न देता.

सोसायटीतल्या एका शेजाऱ्यांचं गाडी चार्ज करायचं सॉकेट वायरमनने माझ्यासमोर उघडलं होतं. बाहेरून फेजच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं. आत वायरच्या टोकाचं आवरण कडक होऊन तडकलेलं, तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या. अर्धा इंच मागे तीच वायर अगदी नवी कोरी. वायर उत्तम होती, एमसीबी उत्तम होता, फक्त एक स्क्रू पुरता आवळलेला नव्हता. अशा सैल जोडात एक दशांश ओहमचा अडथळा निर्माण झाला, तर १३ अँपिअरला तिथे सतरा वॉट उष्णता तयार होते. नखाएवढ्या जागेत, रात्रभर. लहान सोल्डरिंग आयर्न जवळपास तेवढ्यावरच कथील वितळवतं.

आणि एमसीबी पडत नाही. लोकांचा सगळा भरवसा त्याच्यावर असतो, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं. एमसीबी मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह ओळखतो, शॉर्ट सर्किट ओळखतो. इथे प्रवाह १३ अँपिअरच असतो, जेवढा असायला हवा तेवढाच. सॉकेट वितळत असलं तरी डीबीमध्ये, म्हणजे खटक्यांच्या मुख्य पेटीत, सगळं ठीकच दिसतं.

म्हणून गाडीसाठी डीबीपासून स्वतंत्र लाइन घ्यावी. तिच्यावर पंप नको, वॉशिंग मशीन नको. अंतर जास्त असेल तर वायर चार चौरस मिलिमीटरची, तांब्याची. स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा खटका, मात्र हवाच. घराच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तोही पाहावा. एसी, गिझर आणि गाडी मिळून त्यापुढे जात असतील तर आधी भार वाढवून घ्यावा. सॉकेट चांगल्या प्रतीचं, शक्यतो निळं इंडस्ट्रियल; पण त्यासाठी केबलचा प्लग कापून बदलू नये, कंपनीला विचारावं. केबलवरची चार्जरची डबी प्लगला लोंबकळत ठेवली की तिच्या वजनाने पिना खाली ओढल्या जातात आणि पकड सैल होते. तिच्यासाठी भिंतीत एक हूक ठोकावा.

एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्येच सुरक्षा नियमांत चार्जिंग स्टेशनांवरही जोडकेबलला मनाई केली. घरी तर ती बऱ्याचदा गुंडाळलेल्या स्थितीतच वापरली जाते, आणि वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही.

सगळ्यात जास्त चीड मला अर्थिंगच्या ‘जुगाडा’ची येते. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे कधी कधी वायरच नसते. कातळावरच्या घरांत मे महिन्यात जमीन इतकी कोरडी पडते की असलेलं अर्थिंगही कमजोर होतं. चार्जर हे ओळखतो, लाल दिवा लावतो आणि चार्जिंग नाकारतो. मग कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडून देतं. दिवा हिरवा होतो आणि सगळे खूश. पुढे कधी न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट. टायर रबराचे, त्यामुळे वीज जमिनीत जात नाही. ओल्या फरशीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्या माणसातून ती जाते. पैसे घेऊन हे करून देणाऱ्याला दारात उभं करू नये. अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्यावा, परवानाधारक ठेकेदाराकडून मोजून घ्यावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं.

एक सोय मात्र फार कमी लोक वापरतात. रोजचा प्रवास चाळीस किलोमीटरचा असेल तर सहा-सात युनिटं पुरतात, म्हणजे दोन-अडीच तासांचं चार्जिंग. रात्र हाताशी असते. ज्या गाड्यांत किंवा चार्जरमध्ये प्रवाह कमी करता येतो, तिथे तो निम्म्यावर आणावा. वेळ दुप्पट लागेल, पण जोडातली उष्णता एक चतुर्थांश होईल, कारण ती प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते.

नव्या सॉकेटवर पहिल्यांदा चार्जिंग लावाल तेव्हा झोपायच्या तासभर आधी लावा. तासाने खाली जाऊन प्लगच्या पाठीला हात लावून पाहा. कोमट असेल तर चालेल. हात ठेवता येत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर आधी गाडीतून चार्जिंग थांबवा, मग खटका बंद करा आणि शेवटी प्लग काढा. चालू प्रवाहात प्लग ओढला की ठिणगी पडते. ही तपासणी पुढे दर महिन्याला करा, आणि वर्षातून एकदा वायरमनला बोलावून सॉकेटचे स्क्रू आवळून घ्या.