डेमलो संख्या: श्रेय कोणाचे आणि नेमके कशाचे?

१/ १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. समाजमाध्यमांवर ती दोन रूपांत भेटते: ‘मराठी गणितज्ञाचा अद्भुत शोध’ किंवा ‘अंकांची निव्वळ गंमत’. माझ्या मते दोन्ही वर्णने इतिहासावर अन्याय करतात. कसा, ते या धाग्यात पाहू.

२/ प्रथम तिची घडण. नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणल्यास उभ्या ओळींत केवळ एक येतात: टोकाला एक, मध्यभागी नऊ. हातचा कुठेच येत नाही, म्हणून अंक क्रमाने चढतात व उतरतात. दहा एक घेतले की मधली बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे मोडते. हा चमत्कार नव्हे. दशमान पद्धतीचा स्वभाव आहे.

३/ आता इतिहास. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हा गुणाकार आढळतो. एकापासून सहापर्यंत चढून उतरणारी ही संख्या १११११११ ची नव्हे, सहा एकांच्या १११११ १ या संख्येचा वर्ग, म्हणजे आपल्या संख्येचीच धाकटी बहीण. तेव्हा ‘सर्वप्रथम’ हा दावा टिकत नाही.

४/ मग दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे (१९०५–१९८६) श्रेय कोणते? डहाणूत जन्मलेल्या, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या या शिक्षकाने संख्येचे तीन भाग केले: १२३४५६७८ । ९ । ८७६५४३२१. दोन्ही टोकांची बेरीज ९९९९९९९९. मधला अंकही ९. हाच नियम २५५३ लाही लागू पडतो: २ + ३ = ५, मध्ये ५५. सुंदर दिसणाऱ्या एका संख्येमागचा संपूर्ण वर्ग त्यांनी ओळखला.

५/ ही कल्पना त्यांना जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचली. म्हणून नाव ‘डेमलो संख्या’.

६/ त्यांचीच दुसरी संकल्पना ‘हर्षद संख्या’: आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. हा भागाकारही १२३४५६७९ चा पूर्ण वर्ग!

७/ कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. अनेक समकालीन गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाचे लक्ष गेले.

८/ पहिलेपणाचा खोटा मुकुट त्यांना नको, आणि ‘गंमत’ म्हणून केलेली उपेक्षाही नको. जुन्या आकृतीतून नवा नियम शोधणे हे स्वतंत्र कर्तृत्व आहे. पनवेलकरांना कर्नाळा किल्ला ठाऊक असतो. जवळच्याच एका रेल्वे स्थानकाचे नाव अंकशास्त्रात कोरले गेले आहे, हेही आपल्या स्थानिक इतिहासात यायला हवे.