कुलूप त्यांचं, भुर्दंड कोणाचा?

गेल्या अंकात पासवर्डबद्दल लिहिलं, त्यावर बऱ्याच वाचकांचे फोन आले. बहुतेकांचं म्हणणं एकच. "अहो, आम्ही एवढाले पासवर्ड पाठ करायचे, आणि चोरी व्हायची ती कंपनीच्या कपाटातून! मग आमच्या पासवर्डाचं काय लोणचं घालायचंय?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर कॉम्प्युटरच्या पुस्तकात नाही, कायद्यात आणि हिशेबाच्या वहीत आहे.

एटीएमचंच बघा. अमेरिकेत १९७८ साली कायदा झाला, की खात्यातून पैसे गेले आणि खातेदार म्हणाला "मी काढले नाहीत", तर त्यानंच काढले हे सिद्ध करायचं काम बँकेचं. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या दिवाणी कोर्टात एका बाईंचा सिटीबँकेविरुद्धचा खटला चालला. खात्यातून ८०० डॉलर गेले होते. बँकेनं कॉम्प्युटरचे कागद पुढे केले. बाईंनी आपल्या मालकाचं पत्र आणलं, की त्या वेळी ही कामावर होती. न्यायाधीशांनी कॉम्प्युटरपेक्षा बाईंवर विश्वास ठेवला.

तिकडे ब्रिटनमध्ये बँका म्हणत, आमची यंत्रणा चुकत नाही, तुम्हीच खोटं बोलताय. एका पोलीस शिपायानं १९९२ मध्ये अशी तक्रार केली, तर त्याच्यावरच फसवणुकीचा खटला भरला आणि १९९४ मध्ये तो दोषीसुद्धा ठरला! अपिलात, १९९६ मध्ये, तो सुटला. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला बँक आपली यंत्रणा तपासू द्यायला तयार नव्हती, म्हणून. हे तज्ज्ञ म्हणजे केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन (२०२४ मध्ये गेले). त्यांनी दोन्ही देशांची तुलना करून दाखवलं, की जिथे नुकसान बँकेच्या खिशातून जातं तिथे बँक डोळ्यांत तेल घालून पहारा करते, आणि जिथे गिऱ्हाइकावर ढकलता येतं तिथे कर्मचारी सुस्तावतात. २००१ मध्ये त्यांनी याच विषयावर निबंध लिहिला, आणि सुरक्षेकडे अर्थशास्त्राच्या चष्म्यातून बघणारी अभ्यासाची एक शाखाच त्यानंतर वाढली. आपल्याकडच्या कुठल्याही वाण्याला हे निबंधाशिवाय कळलं असतं म्हणा. उंदरानं खाल्लेल्या गुळाचे पैसे शेजाऱ्यानं भरायचे असतील, तर मांजर कोण पाळेल?

आता इक्विफॅक्स. २०१७ मध्ये त्यांच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर, सगळं. ज्या भोकातून चोर शिरले, ते बुजवण्याचं साधन मार्चमध्येच फुकट मिळत होतं. ते लावलं गेलं नाही, आणि मे ते जुलै चोर आत होते. गंमत अशी की आपण त्या कंपनीचे गिऱ्हाईक नव्हेच. गिऱ्हाईक म्हणजे बँका आणि कर्ज देणारे. आपण दुकानातला माल! माल रागावून दुसऱ्या दुकानात जात नसतो. २०१९ मध्ये तडजोड झाली, माणशी १२५ डॉलर मिळणार असं सगळीकडे झालं. पण त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती फक्त ३ कोटी १० लाख डॉलर. अर्ज इतके आले, की हातात पडलं ते त्याहून पुष्कळ कमी.

त्या प्रकरणातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. आपल्या नावावर कोणी नवं कर्ज काढू नये म्हणून क्रेडिट गोठवायला पूर्वी बऱ्याच राज्यांत पैसे पडत. २१ सप्टेंबर २०१८ पासून ते देशभर फुकट झालं. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन, तिन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं. घर किंवा गाडी घ्यायची तेव्हा तात्पुरतं उघडायचं. सोळा वर्षांखालच्या मुलांचंही आईवडिलांना करता येतं. ग्रीनकार्डावर आलेल्या आई-अप्पांचंही करून टाका, त्यांना कुठे नवं कर्ज काढायचंय!

खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. आपल्या मंडळातल्या एका काकांना "तुमच्या बँकेतून बोलतोय" असा फोन आला, आणि घाबरून त्यांनी स्वतःच्या हातानं झेलवरून पैसे पाठवले. बँकेनं हात वर केले. कारण १९७८ च्या कायद्याचं संरक्षण आहे ते तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांना. चोरानं तुम्हाला फसवून कोड काढून घेतला आणि पैसे त्यानं हलवले, तर ती चोरी. फसून तुम्हीच बटण दाबलंत, तर ती तुमची मर्जी! काकांच्या दृष्टीनं यात काय फरक, सांगा. ब्रिटननं (होय, त्याच ब्रिटननं) ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीतही ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई सक्तीची केली, निम्मी पाठवणाऱ्या बँकेनं आणि निम्मी चोराचं खातं सांभाळणाऱ्या बँकेनं. मला ही दुसरी निम्मी फार आवडली. चोराला खातं उघडून देणारी बँकही आता जरा निरखून बघेल.

डेबिट कार्ड हरवलं तर कळल्यापासून दोन कामकाजी दिवसांत बँकेला सांगा, म्हणजे तोटा ५० डॉलरांपुढे जात नाही. उशीर केलात तर ५०० पर्यंत. आणि स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवस गप्प बसलात, तर त्यानंतर जे जाईल त्याला मर्यादाच नाही. क्रेडिट कार्डाला सरसकट ५० चीच मर्यादा आहे, म्हणून पेट्रोल पंपावर आणि अनोळखी दुकानात मी डेबिट कार्ड काढत नाही.

भारतातल्या खात्यांचंही ध्यानात असू द्या. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला, पण सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्याला पूर्ण संरक्षण, असा हिशेब ठेवला. ती सूचना जाते एसेमेसनं. आपल्यापैकी कित्येकांच्या एनआरओ खात्यावर अजून पुण्याचा जुना मोबाइल नंबर आहे, आणि ते सिमकार्ड कधीच बंद पडलंय. या शनिवारी तेवढं बघून घ्या.