वार कोणाचे?

आठवड्याचे वार ही आपली वेदकालीन मिरास असून ती आपणच जगास वांटली, असें सांगणारी विद्वत्ता अलीकडे फार बोकाळली आहे. तिचा मुख्य आधार म्हणजे सूर्यसिद्धान्तांतील होरांचा नियम. शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र या क्रमानें एकेक ग्रह एकेका होरेचा स्वामी; शनिवारच्या चोवीस होरा संपल्या कीं पंचविसावी रवीची येते, म्हणून दुसरा दिवस रविवार. नियम बिनचूक आहे. परंतु तोच या पक्षाचा घात करतो. वेदांगज्योतिषांत मुहूर्त आहेत. चोवीस होरा नाहींत आणि वारही नाहींत. ‘होरा’ शब्द ग्रीकांचा. ‘अहोरात्रा’चीं आद्यन्त अक्षरें गाळून तो संस्कृत ठरविण्याची युक्ति वराहमिहिराच्या काळींही प्रचारांत होती, पण त्यानेंच यवनांना, ज्योतिषज्ञ म्हणून, ऋषींप्रमाणें पूज्य मानलें!

आपल्याकडील शिलालेखांत वाराचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख एरणच्या स्तंभावरील, इ. स. 484 मधील गुरुवारचा. इ. स. 79 मध्यें राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेच्या भिंतीवर मात्र वारांच्या देवतांची यादी आहे. शुक्रवारच घ्या. रोमनांची व्हीनस ही प्रणयदेवता, जर्मनांची फ्रिग ही गृहिणी, आमचा शुक्र हा दैत्यगुरु. एकाच ग्रहावर ज्यानें त्यानें आपापली देवता बसविली, इतकेंच.

यांत कमीपणा कसला? मुरुंबदेवाच्या माथ्यावरील राजगड राजधानी असतांना सिंहगड घेतला गेला, तो दिवस माघ वद्य 9, शके 1591. सुरतेच्या इंग्रज वखारींत त्या दिवशीं 1670 च्या फेब्रुवारीची 4 तारीख होती, गोव्याच्या पोर्तुगेजांकडे 14. पोर्तुगेज तर ग्रहांचीं नांवें टाकून त्या वाराला नुसता ‘सहावा’ म्हणतात. तरी वार तिघांचा एकच, शुक्रवार! जुन्या कागदांतील तिथि पडताळून पाहणाऱ्या संशोधकाला हाच साक्षीदार उपयोगी पडतो. आणि तो उपयोगी पडतो तो सर्वांचा आहे म्हणूनच.

वार मूळचे आपले नव्हेत, हें शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं 1896 सालीं ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त मराठींतच लिहून ठेविलें. त्यांना देशाभिमान शिकविण्याची कोणाची प्राज्ञा आहे? परक्याची वस्तु घेऊन ती पंचांगाचें एक अंग करणें यांत समर्थपणा आहे; तिच्यावर आपला शिक्का मारून मुलांना तें पढविणें यांत मात्र निव्वळ दारिद्र्य आहे.