हिरवा दिवा आणि कुलूप

गेल्या वर्षी ओहायोत एका महाविद्यालयीन मित्राकडे उतरलो होतो. त्याने आठ वर्षे खपून दोन आसनांचे विमान स्वतः बांधले आहे. मी गेलो तेव्हा ते जॅकवर उचललेले होते आणि हा गृहस्थ त्याची आत मिटणारी चाके पुनःपुन्हा उघडमीट करून पाहत होता.

रचना साधी आहे. चाकाचा पाय खाली आला की त्याला धरणारा घडीचा दांडा सरळ होतो आणि सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन टेकतो. मग जमिनीचा दाब त्याला अधिकच घट्ट करतो. तो रेषेच्या अलीकडे राहिला, तर तोच दाब त्याला मिटवतो आणि विमान पोटावर बसते. जुळवणी म्हणजे दांड्याच्या टोकाची नट ढिली करणे, अर्धा फेरा देणे, पुन्हा आवळणे आणि पुन्हा चाके हलवून पाहणे. शेवटी पंप बंद करून पाय केवळ स्वतःच्या वजनाने खाली येऊन अडकतो का, हेही तपासायचे.

वैमानिकाला मात्र दिसतो फक्त हिरवा दिवा. तो लागत नसेल तर आळशी माणूस दांड्याला हात न लावता दिव्याचा स्विच सरकवतो. दिवा लागतो. कुलूप बसलेले नसते.

वाचकहो, आपल्या प्रशासनात मी तीन दशके हा स्विच सरकवताना पाहिला आहे, क्वचित सरकवलाही आहे. अपघात झाला की आपण एक प्रमाणपत्र वाढवतो. सही करणाऱ्याने वस्तू पाहिलेली नसते, आणि ती मोडली तर त्याचे काही बिघडतही नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे व्यस्त वाटते. माहिती एकाकडे, जोखीम त्याचीच, अधिकार भलत्याकडे.

'आपल्याकडे मोकळीक दिली तर माणसे मरतील,' असे आमच्या सेवेतील मंडळी म्हणतात. अमेरिकेत मोकळीक आहे, पण ती मोकाट नाही. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा छंदासाठी बांधलेला असावा लागतो. सुरुवातीचे, सहसा 25 किंवा 40 तास ठरलेल्या क्षेत्रातच उडवायचे, प्रवासी न घेता. दरवर्षी तपासणी होते. मुख्य बांधणाऱ्याला रीतसर प्रमाणपत्र मिळाले की ती तो स्वतः करू शकतो. आणि हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा-नियमांत बसत नाही, अशी पाटी प्रवाशाच्या डोळ्यांसमोर लावावीच लागते. असा प्रांजळपणा आपल्या किती कार्यालयांच्या दारावर आहे?

मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधले. 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात आपण ते कौतुकाने मिरवले. नोंदणी मिळाली 2017 मध्ये, तीही विषय मुख्यमंत्र्यांपर्यंत गेल्यावर. याला मी यशोगाथा म्हणत नाही. ज्याची ओळख मंत्रालयात नाही त्याने गच्चीवर काय करावे?

सुरक्षा-नियम सैल करा, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक नियमाला विचारा, तू कुलूप तपासतोस की दिवा? मित्राने त्या संध्याकाळी डाव्या पायाला आणखी अर्धा फेरा दिला, नोंदवहीत लिहिले आणि खाली सही केली. शनिवारी शेजारच्या आसनावर वहिनी बसणार होत्या.