अकरा महिन्यांचा गैरसमज

बीड शहराच्या जुन्या वस्तीत बदलून आलेला शिक्षक, नवा कारकून किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी एका वाड्यात बिऱ्हाड थाटतो, तेव्हा व्यवहार बहुधा तोंडीच होतो. अनामत घेतली जाते, पावती दिली जात नाही. फार तर मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार होतो. एवढ्या मुदतीच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज सार्वत्रिक आहे. परंतु तो चुकीचा आहे.

मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृतच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती देणेही बंधनकारक आहे, आणि पाणी वा वीज तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही.

घरमालकाला खोली बळकावली जाण्याची धास्ती असते, हे खरे. तथापि परवान्याची मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्याचा जलद मार्ग याच कायद्यात आहे, आणि त्यासाठीही लेखी करारच लागतो.

गरजू माणूस पावती मागण्यास कचरतो, कारण खोली हातची जाईल ही भीती असते. म्हणूनच कायद्याने हा भार मालकावर टाकला आहे. नोंदणीचा खर्च वाचवणे अखेरीस दोघांनाही महागात पडते.