नोंद कुणी ठेवायची, मरायचे कुणी?
२०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून पडून असलेले एक यंत्र लिलावात भंगारात गेले. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होते. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले आणि एक कामगार प्राणाला मुकला. नोंद ठेवायची होती विद्वानांनी. जीव गेला कष्टकऱ्याचा!

आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांतही जुन्या बाटल्या असतात. सुकलेले पिक्रिक आम्ल धक्क्याने फुटते, जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड साचते. त्या बाटल्या हाताळणारा परिचर, कचरा उचलणारा सफाई कामगार बहुधा आमच्याच वस्तीतला असतो. म्हणून आम्ही म्हणतो, स्टॉक रजिस्टरात नुसती किंमत नको. साठा, जागा, बाटली उघडल्याची तारीख आणि धोकाही लिहा. ती यादी मराठीत दारावर लावा. ही माहिती कामगाराचा हक्क आहे, साहेबांची मेहरबानी नव्हे!